शेवटचे पस्तीस किलोमीटर : पुणे ते कोल्हापूर या हिवाळी सायकल प्रवासाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

डिसेंबरच्या अखेरीस, नाताळाच्या सुट्टीला रजा जोडून, पुण्यातील चौघांनी सह्याद्रीच्या घाटमाथ्याच्या कडेकडेने सायकलवरून कोल्हापूर गाठण्याचा बेत केला. बुधवारी पहाटे निघायचे आणि रविवारी संध्याकाळी कोल्हापुरात पोहोचायचे, असा पाच दिवसांचा आराखडा होता. या चौघांपैकी एक मी. मार्गाची आखणी माझी होती, म्हणून या प्रकरणातील निर्णयांची जबाबदारीही मोठ्या प्रमाणात माझी आहे. इतर तिघांची नावे न देता त्यांना अ, ब आणि क म्हटले आहे. अ या ४६ वर्षांच्या प्राध्यापिका आहेत आणि आमच्यात सर्वांत सातत्याने सायकल चालवणाऱ्या त्याच आहेत. ब हे ५१ वर्षांचे अभियंते. क हा २९ वर्षांचा, संगणक क्षेत्रात काम करणारा आणि चौघांत सर्वांत वेगवान.

प्रवास बाइकपॅकिंग पद्धतीचा होता. मागे कॅरिअर लावून त्यावर मोठ्या पिशव्या लटकवण्याऐवजी हँडलवर, सांगाड्याच्या त्रिकोणात आणि सीटखाली अशा तीन घट्ट बांधलेल्या पिशव्यांत सर्व सामान न्यायचे असते. त्यामुळे कच्च्या रस्त्यावर सायकल डगमगत नाही, पण जागा फार कमी मिळते. प्रत्येकाकडे सुमारे ९ किलो सामान होते आणि त्यात तंबू, स्लीपिंग बॅग, हत्यारे, पंक्चरचे साहित्य व दोन वेळचा शिधा बसवायचा होता. जागेच्या या टंचाईचा पुढच्या घटनांशी थेट संबंध आहे, कारण जाड हातमोजे, जादा दिवे आणि परावर्तक जाकिटे यांपैकी काही वस्तू निघण्याच्या आदल्या रात्री पिशवीबाहेर काढल्या गेल्या.

ठरलेला मार्ग असा होता. पहिल्या दिवशी भोर आणि मांढरदेवीच्या घाटावरून वाई. दुसऱ्या दिवशी पसरणी घाट चढून पाचगणी, महाबळेश्वर आणि तिथून खाली तापोळा. तिसऱ्या दिवशी होडीने शिवसागर जलाशय ओलांडून बामणोली आणि कासच्या पठारावरून सातारा. चौथ्या दिवशी नागठाणे, तारळे आणि सडावाघापूरचे पठार पार करून पाटण व पुढे ढेबेवाडी. पाचव्या दिवशी उंडाळे, कोकरूड, बांबवडे आणि वाघबीळ असे करत कोल्हापूर. शेवटचा दिवस सुमारे ९० किलोमीटरचा होता. रविवारी रात्री साडेदहाच्या खासगी बसची चार तिकिटे काढलेली होती आणि सायकली डिकीत ठेवण्याबद्दल बसवाल्याशी बोलणेही झाले होते. बस सुटण्याआधी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर उभे राहून म्हशीचे धारोष्ण दूध प्यायचे, असेही ठरले होते. हा तपशील मुद्दाम नोंदवत आहे. चार दिवस थंडीत चालवल्यावर एखाद्या शहराची ओढ किती ठोस रूप घेते, हे बाहेरच्या माणसाला सहज लक्षात येत नाही.

अडचण कशी साचत गेली

या प्रवासात एकही मोठी चूक पहिल्या चार दिवसांत झाली नाही. उशीर मात्र थोडा थोडा साचत गेला.

दुसऱ्या दिवशी पसरणी घाट आम्ही ठरल्या वेळेत चढलो, पण पाचगणी ते महाबळेश्वर हा १९ किलोमीटरचा रस्ता नाताळाच्या गर्दीने पूर्ण भरलेला होता. मोटारींच्या रांगेच्या डाव्या कडेने, कधी सायकल हातात धरून, आम्ही महाबळेश्वरला पोहोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. तापोळ्याचा उतार सुमारे २८ किलोमीटरचा, वळणावळणाचा आणि दाट झाडीचा आहे. तो संधिप्रकाशात उतरू नये असे ठरवून आम्ही बाजारापासून दूर एका घरगुती मुक्कामाच्या जागी थांबलो. हा निर्णय योग्य होता, असे मला आजही वाटते.

तिसऱ्या दिवशी सकाळी पावणेसात वाजता उतारास लागलो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे आणि डिसेंबरअखेरीस पहाटे वेण्णा तलावाच्या काठी गवतावरचे दव कधीकधी गोठलेले दिसते. उतारावर पायडल मारावे लागत नसल्यामुळे शरीरात उष्णता तयार होत नाही आणि वारा तर चारही बाजूंनी कापत असतो. घरमालकांनी दिलेली वर्तमानपत्रे आम्ही जाकिटाच्या आत छातीवर दुमडून घातली होती, त्यांचा मोठा उपयोग झाला. पण हातांना पातळ मोजेच होते. तिसऱ्या वळणावर अ यांनी थांबण्याची खूण केली. त्यांची बोटे ब्रेकच्या दांडीवर होती, पण दांडी ओढली जात आहे की नाही हे त्यांना बोटांना जाणवत नव्हते. सायकलचा वेग कमी झाला तरच ब्रेक लागल्याचे कळत होते. त्यानंतर दर दोन किलोमीटरला थांबून, हात काखेत धरून, बोटांत मुंग्या येईपर्यंत वाट पाहायची आणि मग पुढे जायचे, असे करत आम्ही तापोळ्याला पोहोचलो.

तिथे जलाशयावर दाट धुके होते. समोरचा काठ दिसल्याशिवाय होडी सोडायची नाही, असे नावाड्यांनी स्पष्ट सांगितले आणि ते बरोबरच होते. धुके विरले तेव्हा रांगेत पर्यटक आधीपासून होते. चार सायकली आडव्या ठेवायला पूर्ण होडी लागते, म्हणून आमचा क्रमांक दुपारी एकनंतर लागला. बामणोलीला उतरल्यावर कासचा चढ चढून साताऱ्याला अंधारापूर्वी पोहोचणे शक्य नव्हते, त्यामुळे चढाच्या मध्यावर एका शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या पडवीलगत तंबू लावले. सकाळी तंबूचे कापड आतून बाहेरून ओले होते आणि आमच्या दोन पॉवर बँकांपैकी एक, जी रात्री बाहेर सायकलच्या पिशवीत राहिली होती, जवळजवळ रिकामी झाली होती.

चौथ्या दिवशी ढेबेवाडीऐवजी पाटणपर्यंतच मजल गेली. परिणामी पाचव्या दिवसाचे अंतर ९० वरून सुमारे ११० किलोमीटर झाले. पाटणच्या लॉजमध्ये खोलीत एकच प्लग होता आणि त्याची पिन धरून ठेवावी लागत होती. रात्रभरात काय चार्ज करायचे, हा प्रश्न आला तेव्हा कोणीही विचार न करता मोबाइल लावले, कारण नकाशा मोबाइलमध्ये होता आणि घरी फोन करायचे होते. सायकलचे दिवे तसेच राहिले. दिवसाउजेडीच पोहोचणार असल्याने दिव्यांचे काम पडणार नाही, असे आम्ही सर्वांनी गृहीत धरले होते.

पहिला निर्णय : पाटणहून कोणता रस्ता धरायचा

रविवारी सकाळी साडेसहाला निघायचे होते. कोयनेच्या खोऱ्यात धुके इतके होते की साडेसातपर्यंत लॉजच्या पायरीवरच बसून राहावे लागले. त्या तासाभरात रस्त्याबद्दल चर्चा झाली.

ब यांचे म्हणणे असे होते की आता ढेबेवाडी आणि उंडाळ्याच्या बाजूने जाऊ नये. पाटणहून कराड, आणि कराडहून पुणे–बंगळूर महामार्गाने कोल्हापूर, हे अंतरही साधारण तेवढेच भरते. पण चढ जवळपास नाहीत, रस्ता रुंद आहे, आणि वेळ कमी पडला तर कराड, पेठ नाका, कुठेही एसटी किंवा टेम्पो मिळू शकतो. माझे म्हणणे वेगळे होते. महामार्गाच्या रुंदीकरणामुळे ठिकठिकाणी वळवलेले रस्ते, धूळ आणि अवजड वाहने असतील, आणि चार दिवस आडवाटेने आल्यावर शेवटी महामार्गावरून शहरात शिरणे मनाला पटत नव्हते. क माझ्या बाजूने होता. अ यांनी मत दिले नाही. नंतर त्यांनी सांगितले की त्यांना महामार्गच बरा वाटत होता, पण आपल्या बोटांच्या दुखण्यामुळे सर्वांचा बेत बदलतो आहे असे वाटू नये म्हणून त्या गप्प राहिल्या.

या ठिकाणी मी अंतराची तुलना केली, वेळेची केली नाही. ताशी १५ किलोमीटर हा आमचा नेहमीचा सरासरी वेग मी हिशेबात धरला आणि ११० किलोमीटरला साडेसात तास लागतील असे मानले. हा वेग आम्ही पुण्याच्या आसपास, विनाबोजा, ताज्या पायांनी मिळवलेला होता. हिवाळ्यात दिवसही लहान असतो. डिसेंबरअखेर कोल्हापूरच्या परिसरात सात वाजता सूर्य उगवतो आणि सहा वाजून पाच-सात मिनिटांनी मावळतो. त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांत पूर्ण अंधार होतो. खोऱ्यातल्या गावांत ऊन पोहोचायला आठ वाजतात. धुक्याचा तास वजा केला की हातात जेमतेम साडेदहा तास उरतात आणि त्यातच जेवण, चहा, पंक्चर व विश्रांती बसवावी लागते.

आम्ही ढेबेवाडीच्या रस्त्याला लागलो. सकाळ अतिशय सुंदर होती, हेही खरे आहे. ज्वारी पोटरीत आली होती, ओढ्यांवर धूर साचावा तसे धुके होते आणि पहिले दोन तास रस्त्यावर दुधाच्या गाड्यांखेरीज कोणी भेटले नाही. कोकरूडला जेवायला दीड वाजला. पुढे ब यांच्या मागच्या चाकाच्या ट्यूबचा वॉल्व्ह मुळातून फाटला आणि त्यात चाळीस मिनिटे गेली. बांबवड्याला पोहोचलो तेव्हा चार वाजून चाळीस मिनिटे झाली होती. कोल्हापूर अजून ३५ किलोमीटर होते.

दुसरा निर्णय : बांबवड्याचा चहा

प्रकरणाचा मध्यबिंदू हा आहे, म्हणून तो सविस्तर मांडतो.

चहाच्या टपरीवर बसल्यावर सर्वांत आधी दिवे तपासले. पुढचे चारही दिवे कमीअधिक चालत होते. मागच्या लाल दिव्यांपैकी माझा आणि क चा चालू होता. अ आणि ब यांचे दिवे बंद पडले होते. परावर्तक जाकीट एकट्या ब यांच्याकडे होते. पुढचा रस्ता कोल्हापूर–रत्नागिरी महामार्गाचा. त्याच्या चौपदरीकरणामुळे काही भागांत कडेची साइडपट्टी उखडलेली होती. त्यातच दोन गोष्टी अशा होत्या ज्या मी पुण्यात बसून आखणी करताना ध्यानात घेतल्याच नव्हत्या. पहिली, हा रविवार होता. रविवार हा जोतिबाचा वार आहे. जोतिबा, पन्हाळा आणि कोकणाकडून परतणारी सारी वाहने रविवारी संध्याकाळी याच रस्त्याने कोल्हापूरकडे येतात. दुसरी, गळीत हंगाम भरात होता.

उसाच्या पट्ट्यात न राहिलेल्या वाचकांसाठी हे थोडे उलगडून सांगायला हवे. उसाचे गाळप करणारे साखर कारखाने साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतात, म्हणजे सायकल प्रवासाचा आपला उत्तम हंगाम आणि ऊस वाहतुकीचा हंगाम तंतोतंत एकच असतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. ऊस ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो, त्यामुळे मागचा दिवा असला तरी बहुतेक वेळा झाकलेला असतो. भरलेल्या ट्रॉलीचा वेग जवळजवळ सायकलीइतकाच असतो, म्हणून तिला मागे टाकणेही कठीण आणि तिच्या मागे राहणेही कठीण. मोटारवाले ट्रॉलीला ओलांडायला उजवीकडे जातात आणि समोरून येणाऱ्याचा प्रखर झोत सरळ सायकलस्वाराच्या डोळ्यांत पडतो. शिवाय ट्रॉलीतून ऊस गळत असतो. रस्त्यावर आडवी पडलेली उसाची कांडी पातळ चाकाखाली आली की रुळासारखी फिरते. दिवसा हे सर्व दिसते. रात्री यातले काहीही दिसत नाही.

टपरीवर चार पर्याय बोलले गेले. सरळ पुढे जाणे हा पहिला. अडीच तास लागले असते, त्यातला शेवटचा तास अंधारात. दुसरा, बांबवड्यालाच मुक्काम करून सोमवारी पहाटे निघणे. त्यात बस बुडत होती आणि तिघांची सोमवारची कामे बुडत होती. तिसरा, सायकली गाडीत घालणे. टपरीशेजारीच एक छोटा हत्ती, म्हणजे लहान टेम्पो, उभा होता आणि त्याच्या चालकाने कोल्हापूर स्टँडपर्यंत अठराशे रुपये सांगितले. चौथा पर्याय क ने मांडला, की त्याच्याकडे दोन्ही दिवे चांगले असल्याने त्याने एकट्याने पुढे जावे आणि बाकीच्यांनी गाडीने यावे. गट फोडायचा नाही हे निघतानाच ठरले होते, म्हणून तो लगेच मागे पडला.

अठराशे रुपये चौघांत वाटले तर माणशी साडेचारशे होतात. पैशाची अडचण कोणालाच नव्हती. तरीही गाडीचा पर्याय कोणी लावून धरला नाही, याचे प्रामाणिक कारण असे की पुण्याहून पायडल मारत निघालेल्या माणसाला कोल्हापुरात टेम्पोतून उतरणे नको होते. हे कोणी बोलून दाखवले नाही. त्याऐवजी मी एक वाक्य बोललो, जे त्या क्षणी अतिशय समजूतदार वाटले : “वाघबीळपर्यंत उजेड आहे. तिथपर्यंत जाऊ आणि मग बघू.” अ म्हणाल्या, “चालेल.” ब यांनी छोटा हत्तीवाल्याला नको म्हणून सांगितले आणि त्याचा नंबर घेण्याचे कोणालाही सुचले नाही.

या वाक्यातला दोष मला नंतर कळला. निर्णय पुढे ढकलला की पर्याय जसेच्या तसे सोबत येतील, असे मी गृहीत धरले होते. बांबवडे हे बाजारपेठेचे गाव आहे. तिथे गाडी होती, खोली होती, जेवण होते आणि दुकाने उघडी होती. वाघबीळ हा घाटातला फाटा आहे. तिथे पोहोचेपर्यंत सहा वाजून पाच मिनिटे झाली, सूर्य मावळला होता, रिकामी गाडी एकही नव्हती आणि चार पर्यायांतले दोन आपोआप संपले होते.

तिसरा निर्णय : वाघबीळ

तरीही वाघबीळला एक चांगला पर्याय होता. उजवीकडे पन्हाळ्याचा रस्ता जातो. सहा-सात किलोमीटरचा चढ असला तरी चढावर सायकलचा वेग कमी असतो, मागून येणाऱ्या वाहनांना वेळ मिळतो, आणि रविवारी संध्याकाळी गडावरून पर्यटक उतरलेले असल्याने तिथे खोल्या सहज मिळाल्या असत्या. ब यांनी तो सुचवला. वीस मिनिटे चर्चा झाली, म्हणजे उरलेला संधिप्रकाशही त्या चर्चेत गेला. खाली दूरवर कोल्हापूरचे दिवे लागलेले दिसत होते. पुढचा रस्ता उताराचा होता, शहर १७-१८ किलोमीटरवर होते, आणि वर चढायचे म्हणजे शहराकडे पाठ करायची. आम्ही उतरायचे ठरवले.

जी खबरदारी हाती होती ती घेतली. क पुढे, त्याच्या मागे ब, मग अ आणि सर्वांत मागे लाल दिव्यासह मी, अशी रांग केली. ब यांचे परावर्तक जाकीट अ यांना दिले. ट्रॉलीला ओलांडायचे नाही, खड्डा दिसला तर पुढच्याने ओरडून सांगायचे, असे ठरले.

घटना

सहा वाजून चाळीस मिनिटांच्या सुमारास, केर्लीच्या अलीकडे, शहर सुमारे १२ किलोमीटर राहिले असताना आम्ही एका दुहेरी ट्रॉलीच्या मागे तीस-चाळीस मीटर अंतर ठेवून चाललो होतो. समोरून एक मोटार झोत न उतरवता आली. मला दोन-तीन सेकंद अ यांच्या जाकिटाच्या चमकणाऱ्या पट्ट्यांखेरीज काहीही दिसले नाही. मग त्या पट्ट्या एकदम आडव्या झाल्या. अ यांचे पुढचे चाक पडलेल्या उसावरून घसरले होते आणि त्या डाव्या हातावर पडल्या होत्या. सुदैवाने त्या रस्त्याच्या कडेकडे पडल्या. उजवीकडे पडल्या असत्या तर मागून येणाऱ्या मोटारीला थांबायला जागा नव्हती.

आमचा आरडाओरडा ऐकून ट्रॉली पुढे जाऊन थांबली. ट्रॅक्टरचालक धावत आला आणि पहिले काम त्याने केले ते म्हणजे मागून येणारी वाहने थोपवण्याचे. ट्रॉलीवर बसलेले दोन ऊसतोड कामगार मोबाइलचे टॉर्च हलवत शंभर पावले मागे जाऊन उभे राहिले. चालक अ यांना म्हणाला, “हात हलवू नगासा वहिनी, आदी कडंला बसा.” तोडणी टोळीतल्या एका बाईंनी उसाच्या दोन सरळ कांड्या मोडून घेतल्या, मनगटाच्या खाली-वर ठेवल्या आणि स्वतःच्या डोक्याचा रुमाल सोडून त्या घट्ट बांधल्या. आमच्याकडे प्रथमोपचाराची पेटी होती, पण ती सीटखालच्या पिशवीत, तंबूच्या खाली, अगदी तळाशी होती.

दुधाचे कॅन पोहोचवून परतणाऱ्या एका पिकअपने आम्हाला सायकलींसह शहरात आणले. पंचगंगेवरचा पूल आम्ही पिकअपच्या हौद्यात बसून ओलांडला.

परिणाम

रुग्णालयातल्या पहिल्या एक्स-रेमध्ये हाड मोडलेले दिसले नाही. डॉक्टरांनी मात्र अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा असतो तिथे दाबून पाहिले, तिथे अ यांना तीव्र वेदना झाली, आणि त्यावरून त्यांनी स्कॅफॉइड नावाच्या छोट्या हाडाची शंका घेऊन आधाराची पट्टी बांधली व दहा-बारा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढण्यास बजावले. हाताच्या तळव्यावर पडणाऱ्या सायकलस्वारांत हे हाड मोडणे नेहमीचे आहे आणि सुरुवातीच्या एक्स-रेत ते बऱ्याचदा दिसत नाही. त्याचा रक्तपुरवठा मर्यादित असल्याने दुर्लक्ष झाले तर ते जुळत नाही. पुण्यात काढलेल्या दुसऱ्या एक्स-रेत बारीक भेग स्पष्ट दिसली आणि आठ आठवडे प्लास्टर राहिले. सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असावे असे मला फार वाटते, कारण ‘एक्स-रे चांगला आहे’ म्हणून घरी बसणारे अनेक असतात.

बस अर्थातच चुकली. ब आणि क सोमवारी सकाळच्या एसटीने परतले. मी अ यांच्यासोबत थांबलो. दुपारी त्यांचे यजमान मोटारीने आले. ज्या सोमवारच्या कामांसाठी आम्ही बांबवड्याला थांबलो नव्हतो, ती तिघांचीही बुडाली.

वेगळे काय करता आले असते

आखणीपासून सुरुवात करतो. शहरात संपणाऱ्या प्रवासाचा शेवटचा दिवस मी सर्वांत लांब ठेवला होता. तो सर्वांत लहान असायला हवा. शहराभोवतीचे तीस-चाळीस किलोमीटर कोणत्याही नकाशावर सोपे दिसतात, पण तिथे वाहने सर्वांत जास्त, साइडपट्टी सर्वांत वाईट आणि आपण स्वतः सर्वांत थकलेले असतो. आदला मुक्काम पन्हाळ्यावर ठेवून सोमवारी सकाळी आठच्या उन्हात उतरत शहरात शिरणे, हा या मार्गाचा योग्य शेवट आहे. त्यासाठी सहावा दिवस लागतो, आणि तो नसेल तर वाई ते सातारा असा सरळ रस्ता धरून तापोळा व बामणोली गाळावे लागते. ते गाळणे जिवावर येते, हे मान्य आहे. होडीसारखी आपल्या हातात नसलेली गोष्ट मार्गात असेल तर तिच्यामागे अर्धा दिवस मोकळा सोडलाच पाहिजे.

परतीचे तिकीट पोहोचण्याच्याच रात्रीचे काढू नये. त्या तिकिटाने आमच्या प्रत्येक निर्णयात भाग घेतला. बस साडेदहाची होती, आम्ही साडेसातला पोहोचणार होतो, म्हणजे तीन तासांची सवड होती. तरीही मुक्कामाचा विषय निघाला की पहिले वाक्य बसचेच असे.

दिव्यांबद्दल आता आमचा नियम ठरला आहे. मुक्कामी पोहोचल्यावर प्लगला सर्वांत आधी मागचे लाल दिवे लागतात, मग पुढचे, मग मोबाइल. प्रत्येक सायकलीच्या सीटखालच्या पिशवीवर आणि हेल्मेटमागे लाल रेडियम पट्टी चिकटवली आहे. तिला चार्जिंग लागत नाही आणि वजनही नाही. जाड हातमोजे आणि परावर्तक जाकीट या वस्तू जागेअभावी वगळता येणार नाहीत असे ठरवून त्याऐवजी एका जोडी कपड्यांना रजा दिली आहे. प्रथमोपचाराची पेटी हँडलच्या पिशवीत वर असते.

निर्णयाच्या पद्धतीतही बदल केला आहे. हिवाळ्यात साडेचार वाजता जिथे असू तिथे थांबून मोजायचे : उरलेले अंतर, उरलेला उजेड, चालू दिवे. अंधाराआधी पोहोचणे शक्य नसेल तर त्याच गावात गाडी किंवा खोली पाहायची. ‘पुढे जाऊन बघू’ हा पर्याय तेव्हाच मांडायचा जेव्हा पुढच्या ठिकाणी गाडी आणि खोली दोन्ही असल्याची खात्री असेल. आणि मत सर्वांत थकलेल्या माणसाने सर्वांत आधी द्यायचे. पाटणच्या पायरीवर अ यांनी आधी बोलायचे असते तर आम्ही कराडच्या रस्त्याने गेलो असतो, असे मला वाटते.

एका मुद्द्यावर आमच्यात अजून एकमत नाही. क चे म्हणणे आहे की रांग नीट होती, वेग कमी होता, आणि समोरच्या मोटारीने झोत उतरवला असता तर काहीच झाले नसते. म्हणजे निर्णय चुकीचा नव्हता, दैव आडवे आले. ब यांना हे मुळीच मान्य नाही. त्यांच्या मते समोरच्याचा झोत आणि रस्त्यावरचा ऊस या गोष्टी त्या रस्त्यावर त्या वेळी असणारच होत्या, त्यांना दैव म्हणता येत नाही. मी ब यांच्या बाजूचा आहे.

अ यांचे प्लास्टर निघाल्यावर मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघे मोटारीत सायकली घालून पन्हाळ्याला गेलो आणि सकाळी साडेसातला गडावरून उतरलो. हंगाम अजून संपला नव्हता. अ यांनी पिशवीत रेडियम पट्टीची दोन मोठी भेंडोळी घेतली होती. केर्लीजवळ एका वजनकाट्याबाहेर रांगेत उभ्या असलेल्या ट्रॉल्यांच्या मालकांना विचारून, त्यांच्याच फडक्याने धूळ पुसून, त्यांनी अकरा ट्रॉल्यांच्या मागच्या फळ्यांवर पट्ट्या लावल्या. त्या रात्री मदत केलेला चालक त्या रांगेत नव्हता. विचारल्यावर कळले की त्याची टोळी आठवड्यापूर्वीच गावी परतली आहे.